फळ्यांकडे तोंड

१

“जाळीखाली फुकट गार वारा सोडलाय, आणि ही बाई जाऊन बसणार तिकडे फळ्यांपाशी. एक दिवस गुदमरेल आणि आपल्या गळ्यात पडेल,” गेंग आजोबा पत्ते पिसता पिसता पुटपुटले.

पुटपुटले हे त्यांचं म्हणणं. ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं त्याचं पुटपुटणं खालच्या फलाटापर्यंत जातं. गरम पाण्याच्या नळाशी थर्मास भरत उभ्या असलेल्या शांग वेइलानने ते ऐकलं. नव्या डी दरवाज्याचं बांधकाम झाकणाऱ्या फळ्यांपाशी बसलेल्या तोंग आजीनेही ऐकलं असणार, पण तिने मान वळवली नाही. ती कधीच वळवत नसे.

उन्हाळ्यात माजियातुन मेट्रो स्टेशनच्या पोटात हा गारव्याचा कोपरा भरायचा. वर रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत असे. टोलेजंग इमारतींमधले म्हातारे आणि म्हाताऱ्या सकाळीच चटया, बुटकी स्टुलं, खरबुजाच्या बिया घेऊन खाली उतरत आणि संध्याकाळपर्यंत मुक्काम ठोकत. ही सगळी माणसं पूर्वी माजियातुन गावची. आता गाव उरलं होतं ते फक्त स्टेशनच्या पाटीवर.

शांगची या स्टेशनच्या पोलीस चौकीत बदली झाली त्याला दोनेक वर्षं झाली असतील. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी, निवृत्तीकडे डोळे लावून बसलेली बाई. हरवलेल्या छत्र्या आणि चुकलेली नातवंडं हा तिचा रोजचा कारभार, आणि तो तिला मनापासून आवडायचा. हे मात्र तिने वरिष्ठांना कधी कळू दिलं नव्हतं.

“काय रे देकुइ,” गेंग आजोबा एकदम मोठ्याने म्हणाले, “नवरदेवासारखा लालबुंद झालायस. दुसरं लग्न ठरलं की काय?”

मा देकुइ तपासणीचं यंत्र ओलांडून आत आला होता. चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा माणूस. इमारतींच्या रहिवासी समितीचा प्रमुख. कुणाचा नळ गळला, कुणाची लिफ्ट अडकली, की देकुइ हजर. कपाळापासून गळ्यापर्यंत तो खरंच उकडलेल्या कोळंबीसारखा दिसत होता.

“ऊन, आजोबा, ऊन,” तो म्हणाला, आणि खांद्यावरची पिशवी सावरत तोंग आजीच्या, म्हणजे आपल्या सख्ख्या काकूच्या, स्टुलाकडे गेला. “काकू, जेवलीस का?”

“जेवले,” फळ्यांकडे बघतच आजी म्हणाली.

जेवणं उरकली तशा चटया पसरल्या गेल्या. दुपारची झोप या लोकांच्या अंगात लहानपणापासून मुरलेली. थोड्याच वेळात तिथे नुसतं घोरणं आणि अधूनमधून खालून जाणाऱ्या गाडीचा घरघराट उरला. शांग चौकीत गेली, खुर्चीत टेकली, आणि खोटं कशाला बोला, तिचाही डोळा लागला.

जाग आली ती फोनने. पलीकडून स्टेशन व्यवस्थापक लोउचा आवाज येत होता, इतका हळू की जणू तो तोंडावर हात धरून बोलत होता.

“शांगताई, कोपऱ्यात या. पळत नको, लोक बघतील. कुणीतरी जमिनीखाली आग लावलीय.”

२

फळ्यांसमोर, तोंग आजीच्या पायांपासून हातभर अंतरावर, खडूने एक वर्तुळ काढलेलं होतं. आत राखेचा ढीग. राखेत सोनेरी कडांचे अर्धवट जळलेले तुकडे. राखेवरून एक ओली रेघ गेली होती आणि तिला ज्वारीच्या दारूचा वास येत होता.

सातव्या महिन्याची पौर्णिमा होती. पितरांचा दिवस. महापालिकेने बंदी घालून झाली, दंड लावून झाला, तरी या दिवशी शहराच्या चौकाचौकात अशी वर्तुळं उमटायचीच. आत कागदी नोटा जाळायच्या, आणि वर्तुळाला एका बाजूने तोंड ठेवायचं, आपलं माणूस जिथे पुरलंय त्या दिशेला. म्हणजे पाठवलेलं चुकत नाही, ज्याचं त्याला पोचतं.

पण हे चौकात. जमिनीच्या पोटात, मेट्रोच्या स्टेशनात, असं कुणी केल्याचं शांगने ऐकलं नव्हतं.

“कॅमेरा?” तिने विचारलं.

“या भागाचा कॅमेरा फळ्या ठोकल्या तेव्हाच त्यांच्यामागे गेला.” लोउने टाय सैल केला. तिशीही न गाठलेला मुलगा, स्टेशन नीट चालावं म्हणून रात्रंदिवस झुरणारा. “डी दरवाजा या महिन्याअखेर उघडतोय. पाहुणे येणार, फिती कापणार. आणि इथे आग. वर कळलं तर माझं सोडा, अख्खी लाइन बंद ठेवतील. मी ठरवलंय, उद्यापासून हा कोपरा बंद. स्टुलं, चटया, सगळं वर.”

बाकीचे म्हातारे चटयांवर उठून बसले होते. वर्तुळाजवळ कुणी येत नव्हतं. तोंग आजी मात्र स्टुलावरून हलली नव्हती. लोउचं बोलणं ऐकून तिने दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा धरल्या.

“मला काढू नका,” ती म्हणाली.

“आजी, घरी एसी आहे की तुमच्या.”

“मला इथून काढू नका रे पोरा. बाकीचं काहीही करा.”

शांगने आजवर तिच्या तोंडून सलग इतके शब्द ऐकले नव्हते. तिने लोउला बाजूला घेतलं. “मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. ज्याने केलं तो सापडला, तर एकाला शिक्षा करा. सगळ्यांना हाकलू नका.”

“संध्याकाळपर्यंत,” लोउ म्हणाला. “आणि सापडला नाही तर पहिली ही आजी. तिच्या पायाशीच सापडलंय, शांगताई. मला काय दिसतंय ते मला दिसतंय.”

शांग वाकली. वर्तुळाचं तोंड कुठे आहे ते तिने पाहिलं. ते थेट डी दरवाज्याच्या फळ्यांकडे होतं.

ती सरळ झाली आणि कोपऱ्याकडे वळली. “हे कुणासाठी केलंय?” तिने विचारलं. सहज, छत्रीचा मालक शोधावा तसं.

गेंग आजोबांना एरवी कमी ऐकू यायचं. आज कोपऱ्यातल्या एकालाही ऐकू आलं नाही. आणि तोंग आजी सोडली तर फळ्यांकडे बघणारं कुणीच नव्हतं.

३

पहिली पाळी छिन यिंगची. तपासणी यंत्रावर बसणारी गावाकडची पोरगी, लायटर जप्त करण्याचा पेटारा तिच्या ताब्यात. लोउने तिच्याकडे आधीच संशयाचं बोट दाखवून ठेवलं होतं. वसंतात तिची आजी वारली, तिला रजा मिळाली नव्हती. आणि पेटाऱ्यातला एक लायटर कमी होता.

“गेंग आजोबांचा तो,” यिंग नाक ओढत म्हणाली. “रोज घेऊन येतात, रोज मी काढून घेते, रोज जाताना भांडून परत नेतात. आज जेवायच्या वेळी वर गेले तेव्हा नेला, परत आले तेव्हा खिशात नव्हता. मावशी, मी माझ्या आजीसाठी इथे कशाला जाळीन? माझी आजी तिकडे डोंगरात आहे. वर्तुळाचं तोंड तिकडे ठेवलं असतं तर पश्चिमेला झालं असतं. फळ्या पूर्वेला आहेत.”

हे शांगला पटलं. रडता रडता दिशा चुकीची सांगणारी ही पोरगी नव्हती.

“बरं. आज आत कोण काय घेऊन आलं?”

“नेहमीचंच. पत्ते, बिया, शेवया. तोंग आजीच्या पिशवीत ती सायकलची घंटी.”

“कसली घंटी?”

“जुनी, गंजलेली. रोज असते. यंत्रात गोल दिसते, पहिल्यांदा मी घाबरले होते. विचारलं तर म्हणाली, असू दे.” यिंगला आता बोलण्याचा धीर आला. “आणि देकुइकाकांकडे पाण्याची बाटली आणि पत्र्याचा डबा. बाटलीतला घोट घ्यायला लावला मी. सगळ्यांनाच लावते, नियम आहे. प्यायले ते.”

“वास घेतलास बाटलीचा?”

“घोट घशाखाली उतरलेला बघायचा एवढंच शिकवलंय आम्हाला.”

“आणि डब्यात?”

“काळ्या तिळाची पूड. झाकण जरासं उचलून दाखवलं. काकूला गरम पाण्यात कालवून देणार म्हणाले. तिला दात नाहीत ना.”

गेंग आजोबा लायटरच्या नावाने भडकले. “मला चोर ठरवतेस? मी सत्तर वर्षं सिगारेट ओढतोय, कुणाच्या घराला आग लागली नाही. गेल्या आठवड्यात तिकडे संडासात एक झुरका मारला, नुसता एक, तर वरचा तो भोंगा असा बोंबलला की अख्खं स्टेशन पळालं. आणि मी इथे चटईवर बसून होळी करीन?”

“नाही करणार,” शांग म्हणाली. “मला सांगा, तोंग आजीला कोण कोण आहे?”

आजोबांनी पत्ते गोळा करायला घेतले. गोळा करून झाले तरी ते गोळाच करत राहिले. “नवरा केव्हाच गेला. एक मुलगा. युनशान.”

“कुठे असतो?”

“दक्षिणेला गेलाय.”

“केव्हा?”

“गाव पाडलं तेव्हा. दक्षिणेला गेलाय. पुष्कळ पोरं गेली तेव्हा.”

“फोन वगैरे?”

“दक्षिणेला गेलाय म्हटलं ना,” आजोबा पत्त्यांशी बोलल्यासारखे म्हणाले.

शांगने शेजारच्या चटईवरच्या बाईला विचारलं. तिनेही तेच सांगितलं. पलीकडच्याने तेच, त्याच दोन शब्दांत, त्याच सुरात. पाठ केलेला धडा सगळ्या वर्गाने एकदम म्हणावा तसं. शांगच्या मानेवरून एक गार वारा गेला, आणि तो जाळीतून आलेला नव्हता.

जाताना तिने आणखी एकच विचारलं. “मग त्याची सायकल घरीच राहिली वाटतं?”

गेंग आजोबांच्या हातातून पत्ते सांडले.

४

शांगने ओलं फडकं मागवलं, गुडघ्यांना शिव्या घातल्या आणि वर्तुळाशी बसली. राखेचा थोडा भाग बाजूला सारून तिने फरशी पुसली. खाली पांढरी शुभ्र फरशी निघाली. काळपट डाग नाही, तडा नाही. वर पाहिलं. धुराचा भोंगा नेमका डोक्यावर होता, हिरवा दिवा लुकलुकत होता. एका झुरक्याला बोंबलणारा भोंगा इतक्या कागदांना गप्प राहिला होता.

ती स्वतःशीच हसली, पण ते हसू फार टिकलं नाही.

आग इथे लागलीच नव्हती. लायटर कुणाचा, पेटारा कुणाच्या ताब्यात, हे सगळं उगाच चाललं होतं. कागद वर कुठेतरी जाळले, आणि राख खाली आणली. इथे खडूने वर्तुळ काढलं, राख ओतली, वर दारूची धार सोडली. सगळे झोपलेले असताना, आवाज न करता.

राख कशातून आणायची? यंत्रासमोर बसलेली पोरगी डबा उघडायला सांगते. काळ्या तिळाची पूड.

आणि दारू? उघडी बाटली आत सोडत नाहीत. पाण्याच्या बाटलीत भरली तर पाण्यासारखीच दिसते, पण मग नियमाप्रमाणे घोट घ्यावा लागतो. तोंड वाकडं न करता. गेंग आजोबांना ते सहज जमलं असतं, पण त्यांच्याकडून बाटली इथवर भरलेली पोचली नसती. घोट घेतल्याचं लपवता येतं. पण काही माणसांचं अंग ते लपवू देत नाही. या भागात अशी माणसं घरटी एक तरी असतात. लग्नात सगळे पेले उंचावतात तेव्हा ही चहा उंचावतात, कारण ओठाला दारू लागली की कपाळापासून गळ्यापर्यंत लाल.

ऊन, आजोबा, ऊन.

शांग उठली आणि तोंग आजीच्या शेजारी फरशीवरच बसली. इथे खरंच घुसमटायला होत होतं. वारा पोचत नव्हता, फळ्यांना ओल्या सिमेंटचा वास होता. इथे बसून दिसायच्या त्या फक्त फळ्या.

“आजी, देकुइने आज तुम्हाला तिळाची पूड दिली?”

“नाही.”

“दुपारी तुम्ही झोपला होतात?”

तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत तिचा हात. आतून अगदी बारीक, गंजलेला किणकिणाट आला.

“लोउसाहेब म्हणतात हे तुम्हीच केलंत,” शांग म्हणाली. “मी त्यांना सांगणार आहे की तुम्ही असूच शकत नाही. कारण तुम्ही मोठ्या. कुणाही आईने आपल्या मुला…”

ती थांबली. वाक्य तोंडातून निघून गेलं होतं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं. आईने मुलासाठी कागद जाळायचे नसतात. मोठ्याने लहानासाठी जाळायचे नसतात. हे करायचं ते मुलाने, पुतण्याने, धाकट्या भावाने. पण मुळात हे करायचं ते मेलेल्या माणसासाठी. जो दक्षिणेला गेलाय त्याच्यासाठी कुणी राख का आणावी?

आजी फळ्यांकडे बघत राहिली. “देकुइला बोलाव,” ती म्हणाली.

५

देकुइ आला. लाली उतरली होती, आता तो पिठासारखा दिसत होता. कोपऱ्यातल्या लोकांनी पत्ते वाटून घेतले होते, पण कुणी पान टाकत नव्हतं. लोउ मनगटावरचं घड्याळ बघत उभा होता.

“तिळाची पूड कुठाय, देकुइ?” शांगने विचारलं. आवाज न चढवता.

त्याने पिशवीला हात लावला. मग हात काढला. मग फरशीवर, शांगच्या समोर, शाळेतल्या मुलासारखा खाली बसला.

“महिनाअखेर दार उघडणार,” तो म्हणाला. “जिना सुरू होणार. हजारो लोक रोज वरून चालणार. मला झोप येईना. वाटलं, त्याआधी एकदा तरी. वर चौकात केलं असतं तर तोंड इकडे करावं लागलं असतं. सगळ्यांनी पाहिलं असतं कुठे ते.”

“म्हणजे तुम्हीच,” लोउ म्हणाला. “बरं झालं कबूल केलंत. चला, विषय संपला.”

“संपला नाही,” शांग म्हणाली. “बोल, देकुइ. युनशान गेला त्या दिवशी काय झालं?”

देकुइ शांगकडे बघून बोलत होता, पण ते तिच्यासाठी नव्हतं हे सगळ्यांना कळत होतं.

“हाच महिना होता. दरवाज्याचा खड्डा आमच्या थडग्यांमधूनच जात होता. बाकीच्यांनी आपापली माणसं हलवली होती. युनशानदादा म्हणत होता, बाबांची हाडं उद्या सकाळी काढतो, एक दिवस थांबा, मुहूर्त उद्याचा आहे. कंत्राटदार थांबायला तयार नव्हता. मी कंत्राटदाराच्या बाजूने बोललो. आमचं भांडण झालं. तो ताडपत्री घेऊन खाली त्याच्या बाबांच्या थडग्यापाशी जाऊन बसला. संध्याकाळ झाली. खोदणाऱ्या यंत्रावरचा माणूस मला म्हणाला, बघून ये, खाली कुणी आहे का.”

“मग?”

“सगळी थडगी उघडी पडलेली. त्यात हा भुतांचा महिना. माझी खाली उतरायची हिंमत झाली नाही. काठावरून हाक मारली. ओ आली नाही. वाटलं, घरी गेला असेल. यंत्र चालू कर म्हणून मी हात हलवला.” त्याने हात वर केला, तसाच, आणि तो वरच राहिला. “यंत्राने दोनदाच ओढलं असेल. बाजूची अख्खी माती बसली. सकाळी वर पॉपलरच्या झाडाला त्याची सायकल टेकलेली होती.”

पत्त्यांच्या घोळक्यात कुणीतरी घसा खाकरला. गेंग आजोबा.

“सायकल मी आणली,” ते म्हणाले. या वेळी खरोखरच पुटपुटले. “हिच्या दाराशी लावली. मला काही बोलायचं सुचलं नाही. आम्ही सगळे तेव्हा भाड्याच्या खोल्यांत होतो, घरं पाडून झालेली. काम थांबलं असतं तर… कुणीतरी म्हणालं, पोरगा दक्षिणेला गेला असेल. मग सगळेच म्हणाले. हिलाही तेच बरं, असं आम्हाला वाटलं. हिला आशा राहील.”

“मला कुठली आशा,” तोंग आजी म्हणाली.

ती पहिल्यांदाच फळ्यांकडून वळली. तिने पिशवीतून घंटी काढली आणि मांडीवर ठेवली.

“सायकल एकटी घरी आली तेव्हाच मला कळलं. सायकल टाकून तो कोपऱ्यावर मीठ आणायलाही जात नसे. तुम्ही सगळे म्हणालात दक्षिणेला, मीही म्हटलं दक्षिणेला. तुमची पोरंबाळं खोल्यांत कोंबलेली होती. मी तोंड उघडलं असतं तर घरं मिळाली असती का कुणाला? मला वाटलं मी तुम्हाला सांभाळतेय. तुम्हाला वाटलं तुम्ही मला.” तिने पुतण्याकडे पाहिलं. “आज दुपारी मी जागी होते. डोळे मिटून घेतले. आईला जाळता येत नाही. कुणीतरी जाळायला हवं होतं.”

देकुइचा वर राहिलेला हात आता खाली आला.

“हाक कशी मारलीस त्याला?” आजीने विचारलं.

“काकू…”

“कशी मारलीस?”

“मा युनशान,” देकुइ म्हणाला. “पूर्ण नाव. कंत्राटदाराची माणसं उभी होती. आणि भांडण झालं होतं, म्हणून दादा म्हणावंसं वाटलं नाही.”

खालून एक गाडी गेली, फरशी थरथरली, राखेचा एक पापुद्रा वर्तुळाच्या तोंडातून बाहेर सरकला.

“या महिन्यात थडग्यांजवळ कुणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही,” ती म्हणाली. “वळायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. आपलं माणूस असेल तर नात्याने हाक मारील. मीच शिकवलं होतं त्याला. लहानपणी तुम्ही दोघं माझ्या एकाच कांबळ्यात झोपायचात, तुलाही शिकवलं होतं. तो ऐकणारा मुलगा होता. तो खाली बसून ऐकत होता, आणि मी सांगितलं तसं गप्प राहिला.”

देकुइने कपाळ फरशीला टेकवलं. शांगला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि वर्दीत तसं करावं की नाही हे तिला कळलं नाही. शेवटी तिने ठेवलाच.

लोउ एकदा फळ्यांकडे, एकदा राखेकडे, एकदा म्हाताऱ्यांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा स्टेशन व्यवस्थापक गळून पडला होता आणि खाली एक घाबरलेला पोरगा उरला होता.

“आजी,” तो चाचरत म्हणाला, “पण कागदोपत्री तर… म्हणजे तुमचा मुलगा दक्षिणेला गेलाय असं सगळे…”

“युनशान मेलाय, पोरा,” तोंग आजी म्हणाली. “त्या फळ्यांच्या मागे, तुमच्या जिन्याखाली आहे तो. लोक चालायला लागायच्या आधी त्याला वर काढा.”